जत्रेच्या तारखेची ओळ कोणाची?

चहा घ्या, पण मध्ये बोलू नका. आठवलं तरी अजून माझं डोकं तापतं, आणि चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

मालवणच्या होड्यांचं बुकिंग करणारं ॲप आमचं छोटंसं ऑफिस चालवतं. त्याचा कोड मी आणि फिलोमिना लिहितो. कोडातली प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद आपोआप राहते, आणि फाइल नीट हलवली तर ती नोंदही सोबत जाते. पण मला कुठला धीर? जुन्या फाइलींतला मजकूर कॉपी करून एका नव्या फाइलीत चिकटवला आणि जुन्या उडवून टाकल्या. झालं, दोन हजार ओळींपुढे माझं एकट्याचं नाव!

पुढे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा भाग साहेबांना इतका आवडला की भर मीटिंगमध्ये त्यांनी माझी पाठ थोपटली. लिहिला होता फिलोमिनाने. मी काय केलं असेल? लाजून मान खाली घातली.

मग एक दिवस बाबूकाका तांडेल तरातरा ऑफिसात आले. आंगणेवाडीच्या जत्रेला त्यांची होडी बंद असते, आणि नेमके त्याच दिवशी ॲपने वीस पर्यटक किनाऱ्यावर आणून उभे केले होते. ही जत्रा काही कॅलेंडर बघून होत नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. कोडात मात्र कोणीतरी गेल्या वर्षीचीच तारीख ठोकून ठेवली होती.

फिलोमिनाने नोंद उघडून दाखवली.

"नाव तुझा दिसता," बाबूकाका म्हणाले. "मसुऱ्याचो ना रे तू? जत्रा तुमच्याच गावात, आणि दिवस तुकाच ठावक नाय?"

अहो, मसुऱ्याच्या माणसाला हे ऐकवायचं? उद्या गावात तोंड कुठे दाखवू? मी असा भडकलो म्हणता!

"फिलू, ही ओळ माझी नाय. खरी नोंद काढ."

"काढतंय. पण मगे सगळीच खरी येतली हां."

"येवंदे. साहेबांकपण बोलव."

तिने जुन्या फाइली परत आणल्या आणि नोंदीसकट नीट हलवल्या. साहेब, बाबूकाका, सगळे स्क्रीनपुढे. भरती-ओहोटी, फिलोमिना. बुकिंग, फिलोमिना. साहेब एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागले.

दोन हजार ओळींत माझी एकच निघाली. जत्रेच्या तारखेची. शेजारी मीच लिहून ठेवलेलं, "घाई आहे, जत्रेहून आल्यावर बदलतो."

बाबूकाकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"आणि मगे तू जत्रेसून येवकच नाय काय रे?"