पेटाऱ्याच्या मॅन्युअलमधल्या चुका

आमच्या ऑफिसात दोन याद्या आहेत. एक मॅन्युअलमधल्या चुकांची, ती कॉम्प्युटरमध्ये असते. दुसरी त्या चुकांपायी घडलेल्या किश्शांची, ती माझ्या डोक्यात. पहिली काही केल्या संपत नाही, म्हणून दुसरी फुगत जाते. घरी सांगायला गेलो तर बायको म्हणते, "आधी भाजी आणा." मग तुम्हालाच सांगतो.

आमचं शहर पोलादाच्या प्लांटभोवती वसलेलं, कारभार सगळा हिंदीत. तिथे वैशाली नगरात एका टेलरच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. माणसं तीन. मालक देवांगन सर, प्राची आणि मी. आम्ही 'पेटारा' नावाचा पॅकेज मॅनेजर बनवतो. मोबाइलमध्ये अ‍ॅप आणायचं, नवं करायचं, काढून टाकायचं एक दुकान असतं ना, तसंच हे शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबसाठी. फक्त यात बटणं नाहीत, कमांड टाइप करावी लागते. कोणती कमांड केव्हा, ते मॅन्युअलमध्ये असतं. ते मॅन्युअल सरांनी स्वतः हिंदीत लिहिलं आणि त्यातल्या चुका सुधारायला मला ठेवलं. तेव्हा वाटलं, दोन महिन्यांचं काम आहे. चार वर्षं झाली!

त्यात यंदा ते छापायला जाणार होतं. आतापर्यंत ते कॉम्प्युटरवरच होतं. तिथली चूक पुसता येते हो, छापलेली चूक लॅबोलॅबी जाऊन बसते. आणि त्यात एक चूक अशी होती, की छापली गेली असती तर कितीतरी पोरांच्या कामावर पाणी पडलं असतं. तिच्याकडे येतोच. आधी साध्या चुका ऐका.

०

मॅन्युअलचं पहिलंच पान: 'पेटारा कसा बसवावा'. त्यात पहिली कमांड काय? 'पेटारा लाओ पेटारा'. म्हणजे पेटाऱ्याला सांगायचं, बाबा रे, पेटारा घेऊन ये!

कुरुदच्या एका शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. माणूस सज्जन, आवाजात राग नाही. म्हणाले, "सर जी, पेटारा मँगाने के लिए पेटारा चाहिए. वो वाला पेटारा कहाँ से मँगाऊँ?"

मी सरांकडे गेलो. सरांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती कमांड चालवून दाखवली. "ये देखो. चल तो रहा है."

"सर, तुमच्याकडे पेटारा आधीपासून बसलेला आहे."

"तो उनको भी बोलो, पहले बैठा लें!"

अकरा दिवस लागले मला ते पान बदलून घ्यायला. गुरुजींनी मध्ये दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तर माझीच विचारपूस केली.

०

सरांनी मॅन्युअलमधली सगळी उदाहरणं आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून उचलली होती. त्यामुळे प्रत्येक कमांडमध्ये फोल्डरचं नाव 'देवांगन'. इथे वाचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं, हे लिहायचं राहिलं.

झालं! दुर्गपासून बालोदपर्यंत ज्या ज्या लॅबमध्ये पेटारा गेला, तिथे तिथे लोकांनी इमानदारीनं 'देवांगन' नावाचं फोल्डर तयार केलं. एका कॉलेजात तीस कॉम्प्युटर, तिसांवर देवांगन. तिथल्या एका मॅडमनं लेखी विचारलं, 'यह देवांगन कौन सा सॉफ्टवेयर है? क्या इसे हटाने से कंप्यूटर बंद हो जाएगा?'

मी पत्र सरांसमोर ठेवलं. म्हटलं आता तरी पटेल. सरांनी ते दोनदा वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "तीसों में?"

"हो सर. तिसांमध्ये."

"रहने दो यार. क्या बिगड़ रहा है किसी का!"

०

आता प्राचीचा पराक्रम. प्राची ढोबळे, मूळचे भंडाऱ्याकडचे लोक, आजोबा प्लांटमध्ये लागले तेव्हा इथे आले. पोरगी हुशार आहे, पण तिच्या वाक्याची सुरुवात भंडाऱ्यात होते आणि शेवट इथल्या सुपेल्याच्या बाजारात, हिंदीत. मॅन्युअलमधले फोटो तिच्याकडे.

एका पानावर लिहिलं होतं, 'पॅकेज नीट बसल्यावर अशी स्क्रीन दिसेल.' खाली फोटो. फोटोत सगळी लाल अक्षरं. म्हणजे बसवणं फसलं की जी स्क्रीन येते, नेमका तिचाच फोटो!

"प्राची, हे काय आहे?"

"दादा, मले काय मालूम! सर बोलले का फोटो टाक, तर जो मिला वही डाल दिया ना."

तक्रारी सुरू झाल्या. तक्रार काय? तर 'हमारे यहाँ लाल नहीं आ रहा, हरा आ रहा है. क्या गलती हुई?' मी एकेकाला समजावत बसलो, की अहो हिरवं म्हणजे छान, हिरवं म्हणजे झालं. निम्म्यांना माझं पटेना. फोनवरच्या माणसापेक्षा मॅन्युअलमधल्या फोटोवर विश्वास जास्त.

एक गृहस्थ तर चार वेळा काढून चार वेळा बसवत राहिले. पाचव्या वेळी मध्येच लाइट गेली आणि आली तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरं. त्यांनी लगेच मेसेज केला, 'अब बराबर है. धन्यवाद!'

मी तो मेसेज वाचून डोकं टेबलावर टेकवलं. प्राचीनं विचारलं, "दादा, चाय बोलू का?"

०

सर एकदा म्हणाले, तुम्हारी आँख में ही गलती है, तुम्हें सब गलत दिखता है. बाहर के आदमी से पढ़वाओ. म्हणून मी एक पान घरी नेलं आणि बाबांना दिलं, घरच्या कॉम्प्युटरवर करून पाहायला.

माझे बाबा प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट मानली: कागदावर लिहिलंय ते करायचं, लिहिलं नाही ते करायचं नाही. त्यावर ते दोन्ही हातांची दहा बोटं दाखवतात, की पहा, शाबूत आहेत.

पानाच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, 'काम पूरा होने तक कंप्यूटर के सामने से न उठें.' आणि काम पूर्ण झाल्यावर पेटारा काय सांगतो? काहीच नाही! गुपचूप थांबतो. दोन मिनिटांचं काम.

मी संध्याकाळी घरी आलो तर कॉम्प्युटरसमोर आई बसलेली. मांडीवर वही. बाबा आतल्या खोलीत आडवे.

"आई, तू काय करून राहिली इथं?"

"बी शिफ्ट," आई म्हणाली. "तुह्या बाबानं दोन वाजता चार्ज देल्ला मले. सकाळपासून बसले होते ते, जेवण बी इथंच केलं."

वही पाहिली. दुपारपर्यंत बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात दर अर्ध्या तासाची नोंद: 'स्थिती जैसे थे.' त्यानंतर आईचं अक्षर सुरू. 'चार वाजले. हालचाल नाही. डाळ शिजली.'

मी म्हटलं, "बाबा, ते सकाळीच झालं होतं हो!"

बाबा उठून बसले. माझ्यावरच चिडले. "झालं होतं तं त्यानं सांगाले नको? मिलमधी असं केलं असतं न कोनं, तं मेमो भेटला असता!"

हे मी सरांना सांगितलं. सर खूश. "देखा? तुम्हारे पिताजी ने पूरा पढ़ा. तुम लोग पढ़ते नहीं हो."

०

आता ती चूक. पान एक्केचाळीस, कमांड 'साफ'.

पानावर लिहिलंय, 'साफ चलाने से केवल बेकार फाइलें हटती हैं. हर हफ्ते चलाएँ.' वाचणारा काय समजेल? जुना कचरा जातो. पण पेटाऱ्याच्या हिशेबी बेकार म्हणजे काय, तर जी फाइल तीन दिवसांत कुणी उघडली नाही ती! मग ती कुणाचीही असो, कोणत्याही फोल्डरात असो. गेली की परत येत नाही.

उतईच्या एका कॉलेजात कुंभारे मॅडम लॅब सांभाळतात. आमच्यासारख्याच मराठी, बाबांच्या मित्राची सून. तीजा-पोळ्याची सुट्टी संपवून मॅडम माहेराहून आल्या, सकाळी लॅब उघडली, पोरं यायच्या आधी मॅन्युअलमध्ये पाहून 'साफ' चालवलं. चार दिवस कॉलेज बंद. कुणी कुठली फाइल उघडणार? एका बॅचचे सगळे प्रोजेक्ट गेले.

त्यांचा फोन मीच घेतला. "भाऊ, मी काई चुकीचं केलं का? मॅन्युअलमधी तं तसंच लिहून हाये. पोरं बाहेर उभे हायेत, त्यायले काय सांगू मी?" बाई रडत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्या मॅन्युअलचं हसू आलं नाही, संताप आला.

सरांना म्हटलं, सॉफ्टवेअर आधी बदला. ते म्हणाले, "अगले वर्जन में." म्हटलं, मग पानावर एक ओळ तरी टाका, की तीन दिवस न उघडलेली प्रत्येक फाइल जाईल. ते म्हणाले, "वो पन्ना मैंने खुद लिखा है. सही लिखा है. जो फाइल तीन दिन कोई न खोले, वो बेकार ही है." पालथ्या घड्यावर पाणी! शनिवारी मॅन्युअल छापायला जाणार होतं. तिथून जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबमध्ये, आणि पुढे दिवाळीची सुट्टी.

मी रोज सांगत राहिलो. प्राचीनंही सांगून पाहिलं, "सर, बच्चों का पूरा साल जाएगा." शेवटी गुरुवारी सर वैतागले. "ठीक है! कल बुलाओ अपने पिताजी को. वो पन्ना पढ़ के चलाएँगे, मेरे ही कंप्यूटर पे. कुछ गलत निकला तो बदल दूँगा. नहीं निकला तो इस पन्ने का नाम नहीं लेना."

०

शुक्रवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "आइए चाचाजी. बस एक कमांड है."

कुंभारे मॅडमचं मी बाबांना घरी सांगितलं होतं.

बाबांनी चष्मा लावला आणि पान एक्केचाळीस मोठ्यानं वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचलं. मग सरांना विचारलं, "साहेब, ये मशीन किसका है?"

"मेरा."

"चालू मशीन है?"

"हाँ हाँ, रोज का काम इसी पे करता हूँ."

"तो परमिट लगेगा."

सर माझ्याकडे पाहायला लागले. मी सांगितलं, की प्लांटमध्ये दुसऱ्याच्या चालू मशीनला हात लावायचा तर मशीन ज्याच्या ताब्यात असतं त्याची लेखी परवानगी लागते. सहीशिवाय बाबा पंख्याचं बटणही दाबणार नाहीत.

सर हसले. "लिखिए, लिखिए. अभी साइन कर देता हूँ."

बाबांनी प्राचीकडून कोरा कागद घेतला. खिशातून पट्टी काढली, समास आखला. तारीख, वेळ, जागा. मग सावकाश, एकेक अक्षर काढत हिंदीत मजकूर लिहिला आणि कागद सरांकडे सरकवला. मी वाकून वाचलं:

'पन्ना इकतालीस के अनुसार इस कंप्यूटर पर सफाई की जा रही है. पन्ने में जो लिखा है वह सही है. इसके अलावा कुछ नहीं मिटेगा, इसकी जिम्मेदारी मैं लेता हूँ. हस्ताक्षर.'

सरांनी पेन उघडलं. कागद वाचला. पेनाचं टोपण पुन्हा लावलं. खाली टेलरचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"चाचाजी," सर म्हणाले, "पाँच मिनट रुकिए."

"आरामसे करो साहेब. मेरेको कोई घाई नहीं."

सरांनी ड्रॉवर उघडला, आत चाचपून एक पेन ड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटरला लावला. आम्ही तिघं मागे उभे. स्क्रीनवर कॉपी होत असलेल्या फोल्डरचं नाव दिसत होतं: 'गुड़िया की शादी'. गुड़िया म्हणजे सरांची मुलगी. त्यानंतर दुसरं फोल्डर. त्यानंतर तिसरं.

बाबांनी थोडा वेळ ते पाहिलं. मग सही न झालेला कागद हळूच टेबलावरून उचलला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"चाल बाबू. टेस्ट झाली."