चौथ्या मजल्यावरचं दार

माझ्या मोठ्या जाऊबाई लिफ्ट दुरुस्त करतात. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग त्यांच्याकडे, आणि मग विचारतात, "म्हणजे ऑफिसात असतात का?" ऑफिसात नाही. पायात जाड बूट, कमरेला हत्यारांचा पट्टा आणि वरच्या खिशात तळहाताएवढी वही. त्या वहीमुळे माझा नवरा त्यांना 'वहीनी' म्हणतो. हा विनोद लिहून दाखवल्याशिवाय कळत नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो कागदावर लिहून दाखवतो.

वहीची सवय त्यांना लहानपणापासून. त्या बोलताना अडखळतात. त्यांच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. मोटारीत काय बिघडलंय ते पुष्कळदा यांना आधी कळायचं, पण शब्द जिभेवर येईपर्यंत दुसरंच कुणीतरी ठणकावून चुकीचं उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं. मग त्या कागदावर लिहून वडिलांपुढे सरकवू लागल्या. "लिहिताना कुणी मध्ये बोलत नाही," त्या मला एकदा म्हणाल्या. "आणि लिहायचं म्हटलं की आधी नीट बघावं लागतं."

गेल्या वर्षी त्यांच्याकडे एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं दुखणं आलं. पाच मजली इमारत, ऑपरेशनची खोली चौथ्या मजल्यावर. तिथे लिफ्टचं दार मधूनच मिटेनासं व्हायचं. अर्धं मिटायचं, परत उघडायचं, परत मिटायचं, परत उघडायचं. आत स्ट्रेचरवर पेशंट, बाहेर नातेवाईक, आणि लिफ्टमनकाका बटण दाबून दाबून घामाघूम. जाऊबाई निरोप मिळताच पोचायच्या, तर तोवर दार शहाण्या मुलासारखं मिटत असायचं.

लिफ्टच्या कंपनीचे इंजिनिअर साहेब लॅपटॉप घेऊन दोनदा येऊन गेले. यंत्राच्या नोंदीत नुसतं 'दार अडलं' एवढंच दिसत होतं. त्यांनी आतला बोर्ड बदलला, मग दाराची मोटार बदलली. दुसऱ्याच दिवशी दार पुन्हा अडलं.

जाऊबाईंनी वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, मजला, आत कोण होतं, दार किती वेळा उघडलं, हवा कशी होती. लिफ्टमनकाकांनाही एक वही दिली आणि दार अडलं की लगेच लिहायचं असं बजावलं.

"हवा कशाला?" साहेब हसले. "लिफ्टला सर्दी होते का?"

"काय उपयोगाला येईल ते आ-आधी कळत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या मुख्य नर्स, मेट्रनबाई, मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. "बाई, तुम्ही लिहीत बसा आणि माझे पेशंट लटकू देत," त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. त्या दिवशी जाऊबाई घरी जेवताना म्हणाल्या, "त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या हातात अजून काहीच नाही." आणि वही उघडून बसल्या.

पाच आठवड्यांत एकवीस नोंदी जमल्या. एका रविवारी दुपारी त्या गॅलरीत वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी वाटाणे सोलत होते. आमच्या सासूबाई गुडघ्यांना ऊन देत खुर्चीत बसल्या होत्या.

"हे बघ," जाऊबाई मला म्हणाल्या. "सगळ्या नोंदी चौथ्या मजल्याच्या, सगळ्या दुपारच्या. ढगाळ दिवशी एकही नाही. पहिल्या आठवड्यात तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास, मग तीन वीस, मग साडेतीन. आता पावणेचार. बिघाड असा घड्याळ बघून पुढे-पुढे जातो का?"

मला काय कळणार लिफ्टमधलं! मी मान हलवली. तेवढ्यात सासूबाई कुरकुरत उठल्या आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे ओढली.

"काय झालं, आई?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? ऊन सरकलं. हल्ली रोज वेगळ्या वेळी येतंय मेलं. माझ्या गुडघ्यांनी त्याच्या मागे किती धावायचं?"

जाऊबाईंची पेन्सिल थांबली. बराच वेळ त्या सासूबाईंच्या पावलांवर पडलेल्या उन्हाकडे बघत राहिल्या. मग वहीत एकच ओळ लिहिली. मी डोकावून वाचली: 'ऊन? पण खिडकी उत्तरेला आहे.'

अडचण खरी होती. चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर एकच खिडकी, आणि तिच्यातून कधी ऊन येत नसे. तिथल्या कुंड्यांतली झाडंसुद्धा जगत नसत. दुसरं कुणी असतं तर तो विचार सोडून दिला असता. जाऊबाई दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच तिथे स्टूल टाकून बसल्या.

पुढचं मला लिफ्टमनकाकांनी सांगितलं. पावणेचारला भिंतीवर एक उजेडाचा चौकोन उमटला. ऊन समोरून, रस्त्यापलीकडून येत होतं. तिथे नव्या इमारतीला नुकत्याच काचा बसवल्या होत्या, आणि त्यांतल्या एका काचेवरून ऊन उलटून थेट या खिडकीत शिरत होतं. चौकोन हळूहळू सरकत लिफ्टच्या दाराशी आला. लिफ्टच्या दाराला एका कडेला बारीक दिवा असतो आणि समोरच्या कडेला तो बघणारा डोळा. मध्ये कुणी आलं की डोळ्याला दिवा दिसत नाही आणि दार उघडतं. इथे मध्ये कुणीच नव्हतं. उन्हाने डोळाच दिपला होता.

दार मिटेना. जाऊबाईंनी खिशातली वही काढली आणि उन्हाच्या बाजूने त्या डोळ्यावर सावली धरली. दार मिटू लागलं. वही बाजूला केली, दार परत उघडलं. पुन्हा धरली, पुन्हा मिटलं.

"अहो, हे तर आपल्यासारखंच!" काका ओरडले. "उन्हात डोळ्यांवर हात धरतो तसं!"

त्यांनी धावत जाऊन मेट्रनबाईंना बोलावून आणलं. मेट्रनबाईंनी वही हातात घेतली आणि पहिल्या नोंदीपासून उभ्याउभ्या सगळं वाचलं. मग एवढंच म्हणाल्या, "माझ्या खोलीत चला. बसून चहा घेऊ." त्यांच्या खोलीत आजवर चहा प्यायलेला माणूस आपल्या ऐकिवात नाही, असं काका सांगतात.

संध्याकाळच्या आत हॉस्पिटलच्या सुताराने खिडकीला दुधी कागद चिकटवला. दार पुन्हा कधी अडलं नाही. इंजिनिअर साहेबांनी फोन केला, आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "तुमचे ते रकाने मला पाठवा. हवेच्या रकान्यासकट."

त्या आठवड्यात घरात जाऊबाई गुणगुणत होत्या. आमच्याकडे हे वर्षातून फार तर दोनदा होतं.

सध्या त्या एका वाचनालयाच्या लिफ्टच्या मागे आहेत. ती खाली येताना मध्येच कण्हल्यासारखा आवाज करते, पण रिकामी असतानाच. अकरा नोंदी झाल्यात आणि अर्थ काही लागत नाही. काल मी विचारलं, "वैताग नाही येत?"

"छे," त्या पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या, "अजून तर अकराच झाल्यात."