आत्याचा संघ

मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचा वास आला की मला राळेगावचं ते हिवाळ्यातलं मैदान दिसतं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या आणि त्यातून सुटलेले पुंजके तिरप्या उन्हात मैदानावर संथ तरंगत राहायचे. आमच्या गावचा कबड्डीचा संघ तिथं अंतिम सामना खेळत होता, राळेगावाशीच. आत्या त्याच साली राळेगावात दिलेली. लग्नाआधी ती आमचा एकही सामना चुकवत नसे. टीव्हीवरची कबड्डी पाहून म्हणायची, "गादीवर कोनीबी पडते, मातीवर पडून दाखवा म्हना." त्या दिवशी मात्र ती सासूशेजारी, डोक्यावर पदर घेऊन गप्प बसली होती. सामना बरोबरीत होता आणि शेवटची चढाई आमची. आमचा गडी मध्यरेषा ओलांडून गेला तसं सगळं मैदान शांत झालं, नुसता त्याचा दम ऐकू येत होता. त्या शांततेत आत्याचा आवाज आला, "डावीकडचा लंगडून राह्यला, त्याले शिव." त्यानं शिवलं, तो परत आला, आम्ही जिंकलो. पण राळेगावच्या सगळ्या बाया आत्याकडे पाहत होत्या. पदर खांद्यावर घसरलेला, चेहरा उतरलेला. सासूनं तो पदर सावकाश उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "एवढं दिसते तुले, तं पुढच्या साली आपल्या पोरायले सांगजो." आता दर हिवाळ्यात आत्या राळेगावच्या बाजूनं ओरडते. आम्ही बहुतेकदा हरतो, आणि हरता हरता मी तिचा आवाज ऐकत उभा राहतो.