खळ दिलेलं दुपटं

माजरीच्या कॉलनीत पांढरा कपडा दोरीवर वाळत घालायला धाडस तरी लागतं, नाहीतर वेड तरी. खाणीकडून वारा सुटला की सकाळचा पांढरा सदरा दुपारी करडा होतो आणि संध्याकाळी तो कोणाचा यावरून भांडण लागतं. अशा गावात गिरजाबाईंनी जन्मभर पांढऱ्या सुताची दुपटी विणली. कॉलनीतलं जवळजवळ प्रत्येक पोर आधी गिरजाबाईंच्या क्रोशाच्या दुपट्यात गुंडाळलं गेलं आणि मग सवडीनं जगाकडे बघून रडलं.

दुपटं फुकट मिळायचं. मात्र त्याच्यासोबत गिरजाबाईही मिळायच्या. आठवड्याला चक्कर ठरलेली. पोर कसं आहे हे विचारायच्या आधी त्या दुपटं उलटंपालटं करून बघत.

"थंड पाणी वं. अंगाचा साबन, कपड्याचा नाई. पिळाचं नाई, टावेलात गुंडाळून दाबाचं. दोरीवर तर टांगाचंच नाई, ओलं सूत आपल्याच वजनानं लांबते. खाटेवर पसरवाचं, कोपरे हातानं सारखे कराचे आन वरून मच्छरदानी लावाची. आन लेकराच्या कपड्याले खळ म्हनून देयाची नाई!"

मच्छरदाणी कोळशाच्या धुळीसाठी. तिकडे पोराला डास फोडून खायचे, इकडे दुपटं मच्छरदाणीत राजासारखं पहुडलेलं असायचं.

शेजारच्या नूतननं एकदा घाईत दुपटं दोरीवर टांगलं. ते ओघळून लुंगीएवढं लांब झालं, वर काजळीचा थर बसला. तिच्या लेकीच्या नामकरणाला गिरजाबाईंनी ते भर मांडवात दोन्ही हातांनी उंच धरलं.

"पाहा वं बायांनो, हे दुपटं होय का पायपुसनं? हिच्यापेक्षा म्हशीले देलं असतं, तं तिनं निदान कौतुकानं चावलं असतं!"

मांडव खदाखदा हसला. नूतन लेकीला उचलून आत गेली ती पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही. गिरजाबाईंनी जिलबी मागून घेतली.

पुढे त्यांच्याच घरी पाळणा हलला. मुलगा प्रफुल खाणीत डंपर चालवतो, सून हर्षा चिमूरची. हर्षाला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून गिरजाबाईंची सुई थांबली नव्हती. नातू आपल्या दुपट्यात, आपल्या मांडीवर, सगळ्या कॉलनीसमोर, एवढंच त्यांना हवं होतं. त्यात बातमी आली की चिमूरच्या विहीणबाई दुकानातलं लवदार ब्लँकेट आणताहेत, त्यावर अस्वलाचं चित्र आहे.

"अस्वल!" गिरजाबाई कडाडल्या. "मोहफुलं वेचाले जातानी ज्याच्या भेवानं मानूस बोंबलत जाते, ते लेकराच्या पोटावर?"

नामकरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी दुपटं धुतलं, अगदी नियमानं. मच्छरदाणीत ते मऊसूत वाळलं, आणि तिथंच घात झाला. नक्षीतली फुलं निवांत आडवी झोपली होती. मांडवाच्या शेवटच्या रांगेतून ती दिसतील कशी? गिरजाबाईंचं माहेर आरमोरीचं. तिथं धान पिकतं, घरोघरी भाताची पेज निघते, आणि त्या पेजेची खळ लुगड्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्याला बसते. पाहुण्याला बिनखळीची चादर देणं म्हणजे त्याला एसटीची वेळ सांगणं. मग नातवाला ढिलं दुपटं द्यायचं? त्यांनी भाताचं पातेलं चढवलं आणि आपलाच नियम दाट पेजेत बुडवला.

सकाळी फुलं पापडासारखी ताठ उभी. दुपटं भिंतीला टेकवलं तर उभं राहिलं. गिरजाबाई लांब जाऊन ते बघत राहिल्या.

बुद्धवंदना झाली. पांढऱ्या कपड्यांनी मांडव भरला होता. गिरजाबाईंनी नातवाला, आयुषला, मांडीवर घेऊन दुपट्यात ठेवलं. दुपटं मुडपेना. एक कोपरा दाबला की दुसरा उसळे. पोर भज्याच्या पुड्यात बांधल्यासारखं दिसू लागलं आणि मग त्यानं असा टाहो फोडला की बाहेरचे आचारी आत डोकावले.

"आई, टोचून राह्यलं असन त्याले," हर्षा हळूच म्हणाली.

"काई नाई टोचत. माह्या हातचं हाये ते." गिरजाबाईंनी आणखी आवळलं.

आयुष लालभडक झाला. शेवटी विहीणबाईंनी न विचारताच त्याला काढून घेतलं. त्याच्या गालावर आणि मानेवर दुपट्याचं फूल पाकळी-पाकळीनं उमटलं होतं. शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसलं.

तेवढ्यात नूतनचा आवाज आला, "पाहा वं बायांनो, हे दुपटं होय का किसनी?"

मग असा हशा उठला की माइकवाल्यानं आवाज वाढवून बघितला, पण हशाच जिंकला. विहीणबाईंनी आयुषला अस्वलात गुंडाळलं. तो लगेच झोपला. जरा तरी रडायचं होतं त्यानं! गिरजाबाईंच्या पानातली जिलबी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या बादली भरून दुपटं शोधायला लागल्या. ते फ्रीजवर होतं. चारही बाजूंनी ताठ, फुलं उभी.

"आन इकडं. पान्यात टाकलं का नरम होते वं ते," त्या म्हणाल्या.

"असू द्या ना, आई," हर्षा अगदी प्रेमानं म्हणाली. "नरम झालं तं फ्रीजवरून घसरन."

आता त्यावर औषधाची बाटली असते, प्रफुलची टॉर्च असते आणि खाणीची धूळ असते. धुणं मात्र गिरजाबाईंकडेच. थंड पाणी, टॉवेल, मच्छरदाणी, आणि शेवटी पेज.

एकदा त्यांनी पेज दिली नाही. दुपटं सायीसारखं मऊ निघालं. घरात कोणी नाही असं पाहून त्यांनी ते रांगणाऱ्या आयुषपुढे पसरलं. "ये ना माह्या राजा. पाह्य, टोचत नाई." आयुषनं त्यावर एक हात ठेवला, आजीकडे बघितलं, मान फिरवली आणि दुपट्याला वळसा घालून अस्वलाकडे रांगत गेला.

दारात प्रफुल उभा होता, पाळी संपवून आलेला, डोक्यापासून पायापर्यंत काळा.

"मा, फ्रीजचं कव्हर खाली काऊन टाकलं वं?" त्यानं ते दोन काळ्या बोटांनी उचललं. "आन किती ढिलं पडलं हे. पेज दे ना त्याले."

गिरजाबाईंनी दुपटं त्याच्या हातातून घेतलं. काजळीची दोन बोटं उमटली होती. त्या आत गेल्या आणि भाताचं पातेलं चढवलं.