वाकळेचं पोट

दुपारची भाकरी पोटात उतरली की शेवंताकाकूंचं आधी डोकं झोपतं, मग मान, मग खांदे. हात सगळ्यांत शेवटी. आत्ताही तसंच चाललंय. मान छातीवर आलीय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर टेकलाय, आणि उजवा हात मांडीवरच्या वाकळेत सुई खालीवर करतोय. सुईत दोरा नाही. पण हे हाताला कोण सांगणार?

सकाळी मयुरीनं सहा सुयांत दोरे ओवून दिले होते, कारण काकूंना मोतीबिंदू आहे आणि सुईचं नाक त्यांना फक्त ऐकून ठाऊक आहे. सहाच्या सहा संपले. शिवलं, उसवलं, शिवलं, उसवलं, आणि वाकळ आहे तिथंच. घरातली बाकीची माणसं बारशाच्या बाजाराला गडहिंग्लजला गेलीत. मयुरी आतल्या खोलीत आत्ता कुठं बाळाशेजारी आडवी झालीय. रात्रभर जागलेल्या पोरीला दोऱ्यासाठी उठवावं, एवढ्या काही काकू दुष्ट नाहीत.

वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी, बायाक्कांची. बायाक्का म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊ, मयुरीची सख्खी आजी. पणतवंडासाठी वाकळ शिवायला घेतली, कडेकडेनं फेरे घालत आत आत आल्या, आणि मध्ये पाटाएवढी जागा उरली असताना एका सकाळी उठल्याच नाहीत. त्यांच्या तेराव्याला, भरल्या घरात, शेवंताकाकूंनी जाहीर करून टाकलं, "वाकळ मी पुरी करतो. आक्कांचा टाका कुठं संपला आणि माझा कुठं सुरू झाला, जो दाखवंल त्याला माझी नथ काढून देतो!"

नथ आता धोक्यात आहे. काकूंनी फेरे चालू केले आणि मधोमध एक फुगा आला. चांगला भाकरीएवढा. इकडून दाबला की तिकडून वर. उद्या बारसं. निपाणीची विहीण येणार, तिला वाकळेवर हात फिरवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आणि या घरची रीत अशी, की मधलं शेवटचं भोक म्हणजे वाकळेचं पोट. त्यात भाकरीचा तुकडा घालून ते शिवून टाकल्याशिवाय वाकळेवर कुणाला निजवायचं नाही. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणतात. पोट मिटलं नाही तर उद्या पाळण्यात दुकानातलं ससे छापलेलं ब्लँकेट येईल. बायाक्कांच्या पणतीच्या अंगाखाली ससे!

सुई खाली जाते, वर येते. हातही आता पेंगुळतो.

सोप्यातला, बाहेरच्या खोलीतला, उजेड जरासा सरकतो, दारात कुणी बसलं की सरकतो तसा.

"काय गं शेवंते, वारा शिवतीयास व्हय?"

"तुमचंच निस्तरतोय," काकू मान वर न करता म्हणतात. मग मान वर करतात. "आक्का? अवो, तुमी तर मेलासा की!"

"मेलो म्हणून काय झालं? वाकळ अर्धी टाकून गेल्यालं माणूस निवांत पडतंय व्हय?"

बायाक्का उंबऱ्यावर बसल्यात. तेच अंजिरी लुगडं, तेच उजव्या दंडावरचं गोंदण, आणि डाव्या हाताच्या बोटावर मशेरी. तव्यावर काळी करून भाजलेली तंबाखू. तोंड घासायला म्हणून सकाळी घ्यायची, ती त्या दिवसभर घ्यायच्या. काकूंना तिचा वास नव्या नवरीपणापासून सोसला नाही. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

"तिकडं पण मशेरी मिळतीया?"

"मिळतीया की. तिकडं माजं लई चांगलं चाललंय. रेड्याची झूल शिवाय घेतलीया."

"कुणाच्या रेड्याची?"

"कुणाच्या म्हणजे? तिकडं रेडा हाय कुणाकडं दुसऱ्याकडं? जनावर असलं रुंद, की तीन लुगडी घातली तरी पाठ उघडीच. मालक म्हनला, बाई, सावकाश होऊ द्या. म्हनलं, मग चार दीस सुट्टी द्या, माज्या जावंनं वाकळंचा खेळ मांडलाय."

बायाक्का उठून येतात. वाकळेवर पाय टाकतात आणि अडखळतात. डाव्या पायाचा अंगठा काकूंच्या टाक्यात अडकलाय.

"टाका हाय का बैलाची वेसण गं ही?"

"तुमचा अंगठाच लांब हाय."

"मरस्तोवर हेच बोललीस."

"मेल्यावर पण हेच बोलतो."

अंगठा सुटत नाही. बायाक्का पाय ओढतात, टाका ताणतो, वाकळ ताणते, आणि ताणता ताणता सोपा संपतो, भिंत संपते, आणि दोघी हिरण्यकेशीच्या काठच्या रानात उभ्या आहेत. रान म्हणजे वाकळच. मयुरीच्या शाळेच्या फ्रॉकचा निळा चौकटीचा तुकडा पायाखाली ओला लागतो, नुकतं पाणी पाजल्यासारखा. पुढं थोरल्या मालकांच्या, म्हणजे बायाक्कांच्या नवऱ्याच्या, फेट्याचा गुलाबी पट्टा, त्याला ऊन लागलंय. त्यापलीकडं काकूंच्या पहिल्या बाळंतपणातल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. त्यावर पाऊल टाकलं की डिंकाच्या लाडवांचा वास येतो. काकू त्यावर जरा जास्तच वेळ थांबतात.

"चल, चल," बायाक्का म्हणतात. "बाळंतीण हाईस का आता?"

टाके म्हणजे नांगराची तासं. सरळ, बारीक, एकासारखी एक. बायाक्का बांधाकडेनं चालायला लागतात आणि प्रत्येक पावलाला मागं एक टाका पडतो. चालत चालत फेरा घेतात, पुन्हा फेरा, दरवेळी थोडं आत. काकू त्यांना गाठायला निघतात आणि बघतात तर बायाक्का समोरून येतायत. दर फेऱ्याला दोघींचं तोंडाला तोंड.

"आडवी काय येतीयास?"

"तुमी आडव्या येतायसा! सगळं जग असंच फिरतंय."

"सगळं जग उजव्या हाताचं हाय. मी कुटली?"

काकू थांबतात. समोर, रानाच्या मधोमध, एक टेकडी उभी आहे. गवत नाही, दगड नाही, नुसती फुगलेली, छिटाच्या कापडाची टेकडी. आत वारा घुमतो.

"हाच तो," काकू म्हणतात. "फुगा."

"फुगा न्हवं. भांडण हाय ते." बायाक्का टेकडीवर थाप मारतात. "मी डावखुरी. माजा टाका डावीकडनं उजवीकडं जातो, कापड तसं रेटत नेतो. तू आलीस आणि उजवीकडनं डावीकडं रेटाय लागलीस. मधल्या कापडानं जावं कुटं? गेलं वर."

काकू टेकडीकडं बघतात, मग आपल्या उजव्या हाताकडं. अठ्ठेचाळीस वर्षं त्या या डावखुऱ्या बाईशेजारी बसून शिवत आल्या. दोघींची कोपरं एकमेकींना लागायची म्हणून रोज भांडल्या. पण एका वाकळेवर दोघी कधी बसल्या नाहीत. तुझी वेगळी, माझी वेगळी. त्यामुळं ही गोष्ट कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

"मग मी काय आता डाव्या हातानं शिवू? या वयात?"

"तुजा उजवा हातच अजून शिकतोय. डावा कशाला बिघडवतीस?"

"मग?"

पाण्याचा आवाज येतो. घाट आहे. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून वाकळ धुतायत, पायांनी तुडवून, तरुणपणी धुवायच्या तशी. बायाक्कांचे केस काळे आहेत. काकूंच्या कमरेत दुखत नाही. वाकळ पाण्यानं एवढी जड झालीय की चौघींनी उचलावी, आणि बायाक्का तिचं एक टोक धरतात आणि दुसरं काकूंच्या हातात देतात.

"धर. आता उलटी कर."

"म्हणजे?"

"म्हणजे उलटी! खालची बाजू वर. पाठीकडनं शिव. तुजा हात उजवीकडनं डावीकडंच जाऊ दे, पुढनं बघणाराला तो डावीकडनं उजवीकडं गेल्याला दिसंल. येवढं साधं हाय."

हे इतकं साधं आहे, की राग यावा.

"जित्ती असताना सांगाय काय झालं होतं?"

"जित्ती असताना माज्या वाकळंला तुला हात लावू देत होतो व्हय मी?"

दोघी वाकळ पालटतात. पाणी खळ्ळकन वर जातं आणि खाली यायचं विसरतं. आता बायाक्का दिसत नाहीत, त्या कापडाच्या पलीकडं गेल्यात. फक्त सुई दिसते. पलीकडून वर येते, थांबते, जणू वाट बघते. काकू ती धरून ओढतात आणि खाली टोचतात. पुन्हा वर येते. एकीचा टाका दुसरीच्या टाक्यात असा काही बसत जातो, की मधला वारा कुणाला न विचारता निघून जातो. टेकडी बसते, रान सपाट होतं, आणि दोघी सोप्यात, एका वाकळेच्या दोन बाजूंना, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असतात. कोपरं लागत नाहीत. समोरासमोर बसलं की लागतच नाहीत. हेही आजच कळतंय.

"पोटात काय घालणार हाईस?" पलीकडून आवाज येतो.

"भाकरी. आजची. जोंधळ्याची."

"मीठ लावलंयस?"

"वाकळंला मीठ कशाला?"

"खाणाऱ्याला विचार." बायाक्का कापडावरून डोकं वर काढतात. चेहरा पहिल्यांदाच थोडा गंभीर आहे. "आणि एक ध्यानात ठेव. मी आल्तो हे कुणाला सांगायचं न्हाई. एका जिवाला सुदीक. लोकं भ्यायची. मेल्याली बाई हात लावून गेली म्हणून वाकळ नदीला सोडतील, आणि पोरगी सशावर झोपंल."

"न्हाई सांगत."

"तुज्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"देवाशपथ न्हाई सांगत! पर दोरा? सुईत दोराच न्हाई, आणि मला दिसत न्हाई."

"आण हिकडं. मोतीबिंदू वर गेल्यावर राहत न्हाई."

बायाक्का दोऱ्याचं टोक तोंडात घालतात. ओठांत फिरवतात, दातांनी दाबतात, बारीक करतात. आयुष्यभर अस्संच. म्हणून त्यांच्या दोऱ्याचं टोक नेहमी काळं असायचं, आणि काकू म्हणायच्या, आक्कांची वाकळ आंधळासुद्धा ओळखेल, वासावर. सुई उजेडाकडं धरली जाते. डावा हात पुढं येतो.

"एकदा म्हण की गं," बायाक्का दोऱ्याकडं बघतच म्हणतात. "म्हण, आक्का, तुमचा टाका माज्यापेक्षा बारीक."

काकू ओठ उघडतात. काय म्हणणार होत्या ते त्यांनाही ठाऊक नाही, कारण तेवढ्यात आत बाळ रडतं, आणि शेवंताकाकू जाग्या होतात.

सोप्यात कुणी नाही. उंबऱ्यावर ऊन आहे. वाकळ मांडीवर आहे तशीच, फुगा आहे तसाच, बशीत भाकरीचा तुकडा वाळत पडलाय. काकू स्वतःशीच हसतात आणि सुई बाजूला ठेवायला चिमटीत धरतात.

सुईला दोरा आहे.

काकू चष्मा वर करतात. बोटांनी चाचपतात. पांढरा दोरा, चांगला चार-पाच हात, नाकातून आरपार ओवलेला. टोकाला बोटभर काळा. त्या तो नाकाशी नेतात, मग इकडंतिकडं बघून जिभेला लावतात. कडू जहर.

त्या घाबरत नाहीत. वेळ नाही. आपले सकाळचे टाके उसवतात, वाकळ सरळ उलटी करतात आणि पाठीकडून सुई घालतात. पहिला फेरा, दुसरा फेरा. मधला फुगा आधी कुरकुरतो, मग मऊ होतो, मग नाहीच. बशीतल्या तुकड्याला, कुणी बघत नाही बघून, चिमूटभर मीठ लावतात आणि तो पोटात सरकवतात. वरून शेवटचे चार टाके घालतात, जमतील तेवढे बारीक.

मयुरी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर येते. वाकळ सुलटी करून बघते, मधोमध तळहात फिरवते. पुन्हा फिरवते.

"धाकटी आजी! झाली की गं! कुठनं तुझं सुरू झालंय तेच कळंना."

"नथ माझ्यापाशीच राहणार, सांगून ठेव निपाणीला."

"पण दोरा कुणी ओवला? घरात तर..." तिनं सुई उचललीय. उरलेल्या दोऱ्याचं काळं टोक तिच्या बोटांत आहे. ती ते नाकाशी नेते आणि तिचे डोळे मोठे होतात. "आजी, ही मशेरी हाय."

शेवंताकाकू दाराकडं बघतात. उंबऱ्यावरचं ऊन जरासं सरकल्यासारखं वाटतं.

"माजीच हाय," त्या म्हणतात. "तोंडात धरून ओवला. जमला एकदाचा."

"तू मशेरी लावतीस? तू?"

"लावतो की."

"कवापासनं?"

"लगीन होऊन या घरात आलो तवापासनं."

"आणि जन्मभर थोरल्या आजीला नावं ठेवलीस? गल्लीभर?"

"मग काय करू? आक्कांची डबी आठ दिसांत संपायची, ध्यानात हाय का तुज्या? म्हणायच्या, उंदीर खात्यात. तो उंदीर मी." काकू सुई तिच्या हातातून काढून घेतात. "दे हिकडं. आणि सांग जा सगळ्यांना, माजं काय जातंय?"

मयुरी हसत खाली बसते. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या त्या टोकाला पोचेल, याची काकूंना खात्री आहे. पोचू दे. बाळ वाकळेच्या मधोमध, तिच्या पोटावर, ठेवलं जातं. ते एकदा हातपाय झाडतं आणि निजतं.

काकू दोरा तोडतात. काळं टोक टाकून देत नाहीत, शेवटच्या टाक्याखाली सुईनं आत ढकलतात. मग वाकळेवर वाकून, मयुरीला वाटावं बाळाला काही सांगतायत, इतक्या हळू म्हणतात,

"बारीक हाय. थोडासाच. पर हाय."