पुसलेली उडी

“मास्टर, निशान किधर है?” साहेबांनी विचारलं.

मी टेपचं टोक धरून पिटच्या कडेला उकिडवा बसलो होतो. समोरची माती सारवलेल्या अंगणासारखी सपाट होती. अर्ध्या मिनिटापूर्वी तिथं दिवसभरातली सगळ्यात लांब उडी पडली होती.

मी तेव्हा जालन्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. संस्थानचे दिवस. हैदराबादचा संघ सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात स्पर्धेला जाणार होता. आमच्या लेखी तो परदेशच. तिहेरी उडीसाठी दोघांची निवड जालन्याच्या मैदानावर व्हायची होती. त्यासाठी साहेब, म्हणजे खेळांचे अधिकारी, हैदराबादहून आले होते.

या उडीला आम्ही हॉप, स्टेप अँड जंप म्हणत असू. धावत येऊन जमिनीत पुरलेल्या लाकडी फळीवरून एका पायानं उडायचं. त्याच पायावर पडायचं, तो हॉप. तिथून दुसऱ्या पायावर, ती स्टेप. मग उरलेली ताकद लावून दोन्ही पायांनी खड्ड्यात, ती जंप. खड्डा म्हणजे पिट. पाय फळीच्या पुढं गेला की फाउल. टेप लावायची ती फळीच्या पुढच्या कडेपासून पिटमधल्या सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत. खूण आहे तर उडी आहे.

फळीवर दत्तोपंत होते. परतूरचे ड्रिल मास्तर आणि माझे स्नेही. पाय बरोबर पडला की ते पांढरी झेंडी दाखवत, नाही तर लाल. पिट माझ्याकडे होतं.

आणि पिटमध्ये चूक माझीच होती. कुंडलिकेतून आणलेली वाळू कमी पडली. नदीवर पुन्हा गाडी पाठवायचा मला कंटाळा आला. शेजारच्या तालमीतली माती आणून मी वर पसरली. ताक, तेल, हळद घालून मळलेली, मऊ माती. कुणाचा पाय मुरगळणार नाही, एवढाच विचार केला.

हसनाबादचा खंडू हा तालमीतलाच गडी. घरी मेंढरं. लहानपणापासून कळपामागं नाले ओलांडून त्याचे पाय तयार झाले होते. घरच्यांनी त्याला या एका निवडीपुरती सूट दिली होती. नाव निघालं नाही तर उद्यापासून काठी घेऊन कळपामागं, असं ठरलं होतं. हे तो स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगत होता.

प्रत्येकाला तीन उड्या. खंडूची पहिली फाउल गेली. दुसरीला पांढरी झेंडी वर झाली, लोक ओरडले, आणि हा पिटमध्ये पार पुढं जाऊन पडला. मी टेप उलगडतोय तोवर त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली, दोन्ही हातांनी सगळी खूण सारखी केली आणि अदबीनं बाहेर आला.

“अरे, हे काय केलंस?” मी म्हणालो.

“माती तशीच सोडून कसं उठावं, मास्तर? वस्ताद पाठीत घालतेत.”

मग त्याला माझ्या हातातली टेप दिसली. “मोजली न्हाई का अजून?” त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

साहेब भले होते. “आपने देखा है ना? अंदाज़े से लिख दीजिए.”

दत्तोपंत धावत आले. हलक्या आवाजात म्हणाले, “अहो पोथीवाले, टाच कुठं पडली ते तुम्ही पाहिलंत. लावा टेप.” मी नियमांचं पुस्तक खिशात बाळगायचो, म्हणून हे नाव.

मी पाहिलं होतं, खरंच. पण नक्की कुठं? वीतभर अलीकडं की पलीकडं? तोवर आघाडीवर असलेल्या दोघांमध्ये चार बोटांचंच अंतर होतं. पहिला परभणीचा, दुसरा गुलबर्ग्याचा. गुलबर्ग्याचा खेळाडू माझ्या हाताकडं पाहत होता.

“साहब, निशान नहीं है,” मी म्हणालो. नोंदवहीत त्या घरात आडवी रेघ ओढली.

दत्तोपंत चिडले. “माती तुम्ही आणायची अन् शिक्षा त्या पोरानं भोगायची!”

मी सगळ्या खेळाडूंना जवळ बोलावलं आणि सांगितलं, “टेप लागेपर्यंत मातीतली खूण पंचाची. तिला कुणी हात लावायचा नाही. नमस्कार करायचा तो उडीच्या आधी करा.”

खंडूनं तिसऱ्या उडीआधी येऊन माती कपाळाला लावली. धावला. घाबरून फळीच्या वीतभर अलीकडूनच उडाला. ती वीत फुकट गेली, कारण टेप फळीपासूनच लागते. तो पडला, आणि सवयीनं त्याचे हात मातीकडं निघाले.

“हात वर!” दत्तोपंत फळीवरून ओरडले. सगळं मैदान ओरडलं.

खंडू शिपायानं पकडलेल्या चोरासारखा दोन्ही हात वर करून उभा राहिला. साहेबसुद्धा हसले. मी टेप लावली, दोनदा वाचली. गुलबर्ग्याच्या उडीपेक्षा दोन इंच जास्त. खंडू दुसरा.

“आता करू का सारखी?” त्यानं विचारलं.

“कर बाबा,” मी म्हणालो. गुलबर्ग्याचा खेळाडूही खाली वाकला. दोघांनी मिळून पिट सारखं केलं.

खंडू इंग्रजी मुलखात जाऊन आला. तिथं सहावा आला. परतल्यावर म्हणाला, “तिकडं नुसती वाळू व्हती, मास्तर. हातच गेला न्हाई.”

दत्तोपंत गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या मुलीनं त्या दोन झेंड्या मला आणून दिल्या. पुसलेली ती उडी त्यांनी कधी सोडली नाही. भेटलो की नवा आकडा सांगत. पंचेचाळीस फुटांवरून सुरुवात झाली होती, शेवटच्या भेटीत अठ्ठेचाळीसवर पोचले होते. मी दर वेळी म्हणे, “नोंद नाही.” ते म्हणत, “पोथीवाले!” आणि चहा मागवत. आता वाटतं, एकदा तरी “असेल” म्हणायला हरकत नव्हती. पण मग आकडा वाढायचा थांबला असता.

धडा म्हणाल तर साधा आहे. पिटमध्ये वाळूच घालावी. कमी पडली तर नदीवर पुन्हा गाडी पाठवावी.