पार्टिशन काढल्यावर

भिंती गेल्या की मनं मोकळी होतात. जुन्नरच्या आमच्या दूध संस्थेतली लाकडी पार्टिशनं काढली, तेव्हा अध्यक्षांनी नारळ फोडून हे सांगितलं. कॉम्प्युटर नुकतेच आले होते आणि त्यांच्यासोबत सगळी टेबलंही एका हॉलमध्ये आली. मनं मोकळी झाली की नाही, सांगता येत नाही. कोणाच्या डब्यात काय आहे आणि कोणाच्या नणंदेचं कुठं बिनसलंय, एवढं मात्र सर्वांना कळू लागलं.

माझ्या शेजारी शिनोलीची एक मुलगी बसायची. तिला निमगाव सावा या गावी दिली होती. नवरा मारायचा. सासर सोडायचं, घोडेगावच्या शाखेत बदली घ्यायची आणि माहेरी राहून नोकरी करायची, असं तिनं ठरवलं होतं. सासरी कुणकुण लागण्याआधी बदली व्हायला हवी होती, नाहीतर त्यांनी नोकरीच सोडायला लावली असती. हे तिनं मला एसटी स्टँडवर सांगितलं. कचेरीत सांगायला जागा उरली नव्हती. त्यात हॉलमध्ये निमगावचेच दोघं. आठवडाभर ती साहेबांच्या टेबलापर्यंत जायची आणि स्टेपलर मागून परत यायची.

एका दुपारी ती म्हणाली, "साहेब, जरा बोलायचं व्हतं."

"बोला की. आता कुठं आडपडदा राहिलाय?"

हॉलमधली पेनं थांबली. निमगावच्यांपैकी एक म्हणाला, "बोला वहिनी. आमी काय परकं हाय का?"

तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर किरकिरायला लागला. तो चालवणारे भाऊ, आणे गावचे फारसं न बोलणारे गृहस्थ, सरकणाऱ्या कागदाकडे बघत उभे होते.

"भाऊ, आत्ताच छापायचंय का?" साहेब ओरडले.

"मधी थांबवला तर कागद अडकतो, साहेब."

मी डोकावून पाहिलं. गेल्या महिन्याची, वाटून झालेली बिलं पुन्हा छापली जात होती. साहेबांनी कान पुढं केला, ती वाकून बोलली. बाकीच्यांनी माना लांब केल्या, पण कोणाच्याच हाती काही लागलं नाही. ती जागेवर येऊन बसल्यावरच छपाई थांबली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संस्थेत मी पुष्कळ सत्कार पाहिले, टाळ्याही वाजवल्या. मनापासून मानलं ते या एकाच माणसाला.

पंधरवड्यात बदलीचा हुकूम आला. ती का गेली, यावर हॉलमध्ये बराच खल झाला. शेवटी सर्वांचं एकमत झालं की तिला प्रिंटरच्या आवाजाचा त्रास व्हायचा.